मधला 'अ'

"…म्हणजे 'अ' होता की नव्हता, एवढंच मला कळायला हवं, सर."

दस्तगीर सर लिंबाच्या सावलीत बाज विणत बसले होते. सुतळीचं एक टोक त्यांनी पुढे केलं.

"हे धर. ओढून धर."

इंदुमतीबाईंनी पर्स ओट्यावर ठेवली आणि टोक धरलं.

टेकडीवरचा तो दर्गा लहानसा होता. एक घुमट, एक लिंब, दोन रांजण, मागे एक खोली. दस्तगीर सर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इथं येऊन राहिले. अंगण झाडायचे, रांजण भरायचे, आल्यागेल्याला टेकायला बाजा विणून ठेवायचे. कुणी त्यांना बाबा म्हणायचं. तेव्हा ते ऐकू न आल्यासारखं करायचे. सर म्हटलं की वळून बघायचे.

इंदुमती हंगरगे त्यांचीच विद्यार्थिनी. आता लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजीच्या विभागप्रमुख होत्या. त्यांनी लिहिलेलं व्याकरणाचं पुस्तक मुलं वापरत. लग्नपत्रिकेवरची इंग्रजीची चूकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आणि दिसलेली चूक सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"पहिल्यापासून सांग," सर म्हणाले.

"यांचे रिपोर्ट दाखवायला सोलापूरला गेलो होतो. हे बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर मला जिन्यापाशी घेऊन गेले. तरुण आहेत. परदेशात शिकून आलेत, सगळं इंग्रजीतच बोलतात…"

त्या थांबल्या.

"म्हणाले, 'देअर इज लिटल टाइम.' किंवा मग म्हणाले, 'देअर इज अ लिटल टाइम.'"

"किंवा?"

"तेवढ्यात शेजारून एक ट्रॉली गेली, सर. तिचं चाक वाजत होतं. 'इज' ऐकू आलं. 'लिटल' ऐकू आलं. मधलं…"

सर गाठ आवळत होते.

"फरक सांग."

"तुम्हाला सांगू?"

"सांग."

"'अ' नसेल तर ते 'नाही'च्या जवळ. संपल्यातच जमा. 'अ' असेल तर 'आहे'च्या जवळ. थोडा का होईना, पण आहे."

"बरोबर," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, मान न उचलता. "आणि वेळ किती?"

"कसला वेळ?"

"पहिल्या वाक्यात किती, दुसऱ्यात किती?"

"ते वाक्यात नसतं, सर. दोन्हीत तेवढाच असू शकतो."

"तेवढाच?"

"हो. महिना असेल, वर्ष असेल. बोलणारा त्याच्याकडे कसा बघतो, एवढंच त्यातून कळतं."

"मग डॉक्टर कसे बघतात, हे विचारायला तू इतक्या लांब आलीस?"

इंदुमतीबाईंचा चेहरा आक्रसला.

"सर, मी आता शाळेत नाही. मला कोडी नकोत. माझा नवरा आजारी आहे."

"फोन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"डॉक्टरांचा नंबर?"

"…आहे."

"इथं रेंज येते. ओट्याच्या त्या कोपऱ्यावर उभं राहिलं की येते. विचार त्यांना."

वारा सुटला. लिंबाची पिकली पानं बाजेवर पडली. सरांनी ती एकेक करून उचलली.

"कसं विचारू?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "जन्मभर लोकांना हेच शिकवत आले. आता त्या पोरसवदा डॉक्टरला विचारू, की बाबा रे, तू 'अ' म्हणालास का? हसतील ते."

"हसू देत."

"सर…"

"हसण्याची भीती वाटते तुला? पाचवीत तू 'नाइफ' शब्दातला 'के' मोठ्यांदा म्हणायचीस. सगळा वर्ग हसायचा. तू पुन्हा म्हणायचीस."

त्यांना हसू आलं नाही. मग हळूच म्हणाल्या,

"आत्ता दोन्ही आहेत, सर. विचारलं… की एकच उरेल."

हातातली सुतळी सैल झाली. विणलेला पट्टा खाली लोंबला.

सरांनी सुतळी ओढली, पट्टा पुन्हा ताणून घेतला, आणि टोक परत त्यांच्या हातात दिलं.

"त्र्यंबकरावांना काय सांगितलंस?"

त्र्यंबकराव म्हणजे इंदुमतीबाईंचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तूर, हरभरा, करडई. माणूस शांत. इंग्रजी यायचं ते फवारणीच्या औषधांच्या डब्यांवरचं वाचता येईल एवढंच. बायकोच्या कॉलेजच्या कार्यक्रमांना जायचे ते सगळ्यात मागच्या रांगेत बसायचे. कुणी इंग्रजीत काही विचारलं तर ते बायकोकडे बघायचे, आणि बायको दुसरीकडे बघायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

"गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले म्हणून. मी म्हटलं, थोडा वेळ आहे."

"थोडा."

"हो. मराठीत 'अ' नाही ना."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणाले… 'बरं.' मग घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची ओढली. म्हणाले, 'मग बस जरा.'"

सरांचे हात थांबले.

"बसलीस?"

इंदुमतीबाई बघत राहिल्या. सुतळीकडे, मग रांजणाकडे.

"मी शब्दकोश काढले," त्या म्हणाल्या. "घरात होते तेवढे सगळे. मोबाइलवर उच्चार ऐकले. इंग्लंडमधले लोक तो 'अ' कसा म्हणतात, अमेरिकेतले कसा गिळतात… कितीतरी दिवस तेच करतेय. हे जेवले का, झोपले का, ते सध्या राहायला आलेली नणंद बघते. मग वाटलं, ज्यांनी शिकवलं त्यांनाच विचारावं. म्हणून सकाळच्या एसटीनं आले."

"इंदू."

"जी, सर."

"बस म्हणाले ते… ते तुला कुठल्या भाषेत कळलं नाही?"

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज वळणाआड गेला.

सर उठले. गुडघ्यावर हात टेकत पायऱ्यांपर्यंत गेले. तिथं इंदुमतीबाईंच्या चपला होत्या. त्यांनी त्या उचलल्या, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसल्या, आणि खालच्या पायरीवर तोंड रस्त्याकडे करून ठेवल्या.

"सर! अहो, काय करताय हे…"

इंदुमतीबाई धावत आल्या. ज्यांच्या पायावर डोकं ठेवायचं त्यांनी आपल्या चपला उचलाव्यात! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं की कशाचं, त्यांना कळेना.

"फाट्यावर हात केला की एसटी थांबते," सर म्हणाले.

"पण माझ्या प्रश्नाचं…"

सर बाजेपाशी परत गेले होते. सुतळीचं टोक त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरलं होतं, आणि ते विणत होते.

*

त्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. नणंद स्वयंपाकघरात होती. त्र्यंबकराव बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर. पायांवर शाल. शेजारची खुर्ची तशीच ओढलेली होती.

"कुठं गेली होतीस?"

"सरांकडे."

"बरं आहेत का?"

"आहेत. बाज विणतात."

त्या खुर्चीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जिना, ट्रॉली, चाकाचा आवाज, 'लिटल', 'अ लिटल'. इतक्या वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच नवऱ्याला इंग्रजी व्याकरण समजावून सांगत होत्या. सांगताना आवाज फुटत होता. त्र्यंबकराव मधे बोलले नाहीत. गिऱ्हाइकाचा उधारीचा वायदा ऐकावा तसं मान हलवत ऐकत राहिले.

"एवढ्याशा अक्षराचं एवढं?" शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि तू ते ऐकलं नाहीस."

"नाही."

"तू!"

त्र्यंबकरावांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. इंदुमतीबाईंनी पाठीवर हात फिरवला. खोकला थांबला तरी हात तिथंच राहिला.

"मग आता आपण काय धरायचं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मला नाही माहीत हो."

त्र्यंबकरावांनी थोडा विचार केला. दुकानात गिऱ्हाइकाला बी सुचवताना करायचे तसा.

"दोन्ही धरू," ते म्हणाले. "ज्या दिवशी बरं वाटंल त्या दिवशी 'अ' आहे. नाही वाटलं त्या दिवशी नाही. उगं डॉक्टरला कशाला तरास?"

त्या दिवसापासून तो त्यांच्या घरातला शब्द झाला.

सकाळी चहा देताना इंदुमतीबाई विचारायच्या, "आज 'अ' आहे का?"

"आहे," ते म्हणायचे. मग दोघं रिक्षा करून गावाबाहेर जायची. तुरी फुलल्या होत्या. बांधाजवळ रिक्षा उभी करायची आणि आत बसूनच त्या पिवळ्या रानाकडे बघायचं. रिक्षावाला कंटाळून खाली उतरून तंबाखू मळत बसायचा. त्र्यंबकराव कुठल्या शेतात कुणाचं बी पडलंय ते सांगायचे. हे ज्ञान त्यांच्यापाशी होतं हे इंदुमतीबाईंना माहीत होतं. कधी ऐकलं नव्हतं, एवढंच.

कधी ते म्हणायचे, "आज नाही गं 'अ'." मग त्या कॉलेजात जायच्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसायच्या. बोलायचं काही नसायचं.

एकदा ते म्हणाले, "मला इंग्रजी शिकव."

"आता?"

"आता म्हणजे? आता नाही तर कधी? तू तिकडं पोरांना काय शिकवायचीस ते मला कधी कळलंच नाही. दार लावून बसलेल्या खोलीसारखं वाटायचं. आतनं आवाज यायचा. कळायचं नाही."

इंदुमतीबाई खाली बघत राहिल्या. दार आतून लावलेलं होतं. कडी त्यांच्याच हाताला लागत होती.

त्यांनी शिकवायला घेतलं. त्र्यंबकराव चांगले विद्यार्थी नव्हते. शब्द लक्षात राहायचे, पण वाक्य वाट्टेल तसं जुळवायचे. तरी नेटानं बोलायचे. एका दुपारी ऊन खिडकीतून त्यांच्या पायांवर आलं होतं. इंदुमतीबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. त्र्यंबकरावांनी बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केली आणि म्हणाले,

"वी… इज… सिटिंग."

इंदुमतीबाईंचा हात थांबला. सवयीनं दुरुस्ती ओठांवर आली होती.

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. ते वाट बघत होते.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"खरंच?"

"अगदी बरोबर."

तुरी कापल्या गेल्या. हरभरा निघाला. 'अ' नसलेले दिवस वाढत गेले. होळीच्या सुमारास एका सकाळी इंदुमतीबाईंनी चहा आणला आणि नेहमीसारखं विचारलं.

ते काही बोलले नाहीत.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

*

उन्हाळा सरत आला होता तेव्हा इंदुमतीबाई टेकडी चढून आल्या. चढताना दोनदा बसल्या. वर आल्या तर अंगणात कुणी नव्हतं. खोलीच्या मागे पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तिकडे गेल्या.

मागच्या उतारावर एक साधी कबर होती. वर सब्जा लावलेला. दस्तगीर सर तांब्यानं त्याला पाणी घालत होते. धार बारीक, माती वाहून जाऊ नये अशी.

"ये," ते म्हणाले.

"सर, ही कुणाची?"

"हलीमाची."

इंदुमतीबाई एकदम खाली बसल्या. हलीमाखाला. सरांची बायको. शाळेत असताना शिकवणीला गेल्यावर त्यांच्या हातची गरम भाकरी आणि गूळ त्यांनी कितीदा खाल्ला होता. त्या गेल्या हे कधीतरी कानावर आलं होतं. भेटायला जायचं राहून गेलं. सर नोकरी सुटल्यावर या टेकडीवर का येऊन राहिले, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. इंदुमतीबाईंनीही नाही.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तू व्याकरण विचारायला आली होतीस."

हे बोलण्यात टोचणी नव्हती. म्हणून ते जास्त टोचलं.

सरांनी तांब्या खाली ठेवला आणि शेजारी बसले. दोघं ओल्या मातीकडे बघत राहिले. सब्ज्याचा वास सुटला होता.

"त्र्यंबकराव गेल्याचं कळलं," सर म्हणाले. "फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं. त्याच्या शेतात त्यांच्याच दुकानाचं बी असायचं."

इंदुमतीबाईंनी मान हलवली.

"डॉक्टर भेटले होते का नंतर?"

"भेटले. मी कागद आणायला गेले होते तेव्हा. समोर खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. बराच वेळ होता त्यांच्याकडे."

"विचारलंस?"

"नाही."

"का?"

"आठवलंच नाही, सर. घरी आल्यावर आठवलं."

पुढे इंदुमतीबाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. वर्गात कुणी उलट उत्तर दिल्यावर यायचा तसा, धारदार.

"तुम्ही मला परत पाठवलंत. मी गेले. बसले. तुमचं ऐकलं सर, सगळं केलं. शेतं बघितली. त्यांना शिकवलं. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या दिवसांत बोललो."

"हं."

"मग आता हे असं का होतंय?"

"कसं?"

"तेव्हा बसले नसते तर… सर, तेव्हा बसले नसते, शब्दकोशच बघत राहिले असते, तर एवढं तुटलं नसतं. आधी मला त्यांची सवय होती. आता त्यांची… आता चहा ठेवला की दोन कप निघतात. वर्गात शिकवताना कुणी चूक केली की थांबते. पोरं बघत बसतात, बाई चूक का सुधारत नाहीत. मला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी 'वी इज' म्हणावं. कुणी म्हणत नाही. सगळी पोरं बरोबर बोलतात हल्ली."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "की मन भरून जवळ बसलं की मन भरतं. तुम्ही पाठवलंत म्हणजे तसंच असणार. पण नाही भरलं. अजून हवं होतं. एक दिवस. एक दुपार. किती मिळालं असतं म्हणजे पुरलं असतं, ते तरी सांगा. पुरलं नाही, सर. मला पुरलं नाही."

दस्तगीर सरांनी हात पुढे करून सब्ज्याची एक वाळकी काडी मोडली. ती त्यांनी बोटांत धरून ठेवली. त्यांचे डोळे कबरीच्या उशाकडे होते.

इंदुमतीबाईंनी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मातीत, उशाशी, बसून बसून गुळगुळीत झालेली एक जागा होती. एका माणसाच्या बसण्याएवढी.

"सर… तुम्हाला?"

"ज्याला पुरतं ना, इंदू," सर म्हणाले, "त्याला ते मिळालेलंच नसतं."